ग्रँडिओस म्हणजे नुसतं ‘भव्य’ नव्हे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रँडिओस या इंग्रजी विशेषणाचा अर्थ थोडक्यात काय?

ज्याचा आव मोठा आणि आवाका लहान, ते ग्रँडिओस. योजना असो, दावा असो, इमारत असो की बोलण्याची ढब असो. ती स्वतःला जितकी थोर दाखवते तितकी ती नाही, हे बोलणाऱ्याचं मत या एका शब्दात येऊन जातं. हा शब्द वस्तूचं माप सांगतो आणि वर शेराही मारतो. ‘बडा घर पोकळ वासा’ म्हणताना आपण जे सुचवतो, त्याच्या आसपासचं काम इंग्रजीत हे विशेषण करतं.

पण मोबाइलवरच्या कोशात तर पहिलाच अर्थ ‘भव्य’, ‘शानदार’ असा दिसतो. तो चूक आहे का?

चूक नाही, अर्धवट आहे, आणि बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात. मोठ्या इंग्रजी-इंग्रजी कोशांत या शब्दाचे दोन अर्थ सापडतात. एक, ओढूनताणून आणलेली भव्यता किंवा हास्यास्पद वाटावी इतकी अतिशयोक्ती. दुसरा, नुसत्या विस्ताराने छाप पाडणारं. शब्द इंग्रजीत रुळला १९व्या शतकात, आणि तेव्हा दोन्ही अर्थ चालत होते. आज दुसरा अर्थ वास्तू, निसर्गदृश्य किंवा संगीतावरच्या लेखनात अधूनमधून भेटतो. बाकी सगळीकडे, विशेषतः योजना, भाषण आणि दावे यांच्याबाबतीत, ग्रँडिओस म्हटलं की वाचणारा ती टीकाच समजतो.

म्हणून स्तुती करायची असेल तर हा शब्द टाळा. ग्रँड, मॅग्निफिसंट, मॅजेस्टिक, इंपोझिंग असे सरळ शब्द हाताशी आहेत. लग्नपत्रिकेवर ‘ग्रँडिओस वेडिंग’ छापून आमंत्रण गेलं, तर ज्याला शब्द नीट माहीत आहे तो पाहुणा ‘ऋण काढून सण’ असा अर्थ लावेल. गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत ‘ग्रँडिओस क्लबहाऊस’ दिसतं, तेही याच जातीचं. लिहिणाऱ्याला ग्रँडपेक्षा जरा वजनदार शब्द हवा होता, एवढंच.

उच्चार कसा करायचा? स्पेलिंग नेहमी चुकतं.

तीन तुकडे करा : ग्रॅन्, डि, ओस. आघात पहिल्या तुकड्यावर. अमेरिकी बोलण्यात शेवटच्या ‘ओस’वर जोर दिलेलाही ऐकू येतो, तोही चालतो. ‘ग्लोरिअस’च्या चालीवर केलेला ‘ग्रँडिअस’ हा उच्चार मात्र चालत नाही.

स्पेलिंगची अक्षरं नऊ : जी, आर, ए, एन, डी, आय, ओ, एस, ई. चुका दोनच प्रकारच्या होतात. एकीत शेवट ‘आय-ओ-यू-एस’ असा केला जातो, कारण ग्लोरिअस, सिरिअस, क्युरिअस यांची सवय झालेली असते. दुसरीत मधल्या ‘आय’ आणि ‘ओ’ची अदलाबदल होते, कारण टॉर्टॉइज आणि टर्क्वॉइज या शब्दांत ‘ओ-आय-एस-ई’ असतं. आधी ‘ग्रँड’ लिहा, मग ‘आय’, मग ‘ओ-एस-ई’. या क्रमाने हात बसला की पुन्हा चुकत नाही.

हा शब्द आला कुठून?

लॅटिनमधल्या ‘ग्रँडिस’पासून, म्हणजे मोठा, पूर्ण वाढलेला. त्यावरून इटालियनमध्ये ‘ग्रँडिओसो’ झाला, तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. शेवटचा ‘ओस’ हा लॅटिन प्रत्यय असून त्याचा अर्थ ‘-ने भरलेला’. व्हर्बोस म्हणजे शब्दांनी भरलेला, पाल्हाळिक. अ‍ॅडिपोस म्हणजे चरबीने भरलेला. आपल्याकडे रसाने भरलेलं ते रसाळ, तसंच काहीसं. ग्लुकोज, सुक्रोज यांच्या शेवटी तीच अक्षरं दिसतात, पण तो रसायनशास्त्राचा वेगळा प्रत्यय आहे. त्याच्या नादी लागू नका.

गंमत म्हणजे मूळ घरी हा शब्द सभ्य आहे. पाश्चात्त्य संगीताच्या स्वरलिपीत ‘ग्रँडिओसो’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा वादकाला तो भाग भारदस्तपणे वाजवायचा असतो. त्यात कुचेष्टा नाही. फ्रेंच, स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्येही हा शब्द बहुतेक कौतुकाचाच. खवचटपणा चिकटला तो इंग्रजीत.

ग्रँड आणि ग्रँडिओस यांतला फरक कसा ओळखायचा?

आकारावरून ओळखता येत नाही. वेरूळचं कैलास लेणं घ्या. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात एका अख्ख्या डोंगरातून वरून खाली कोरत आणलेलं मंदिर. कल्पना म्हणून ऐकली तर वेडेपणाच वाटेल, कारण वरून कोरताना एकदा तोडलेला दगड परत लावता येत नाही. पण ते उभं आहे, आणि कल्पनेला शोभेलसं उभं आहे. त्याला ग्रँड म्हणतात, मॉन्युमेंटल म्हणतात. ग्रँडिओस कुणी म्हणत नाही.

आता विजापूरला या. मुहम्मद आदिलशहाच्या कबरीवर उभा असलेला गोलघुमट बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा आहे. तो ग्रँड. त्याच्या मुलाची, दुसऱ्या अली आदिलशहाची कबर असलेली बारा कमान तिथून फार लांब नाही. तीही प्रचंड व्हायची होती. अलीशहा १६७२ मध्ये वारला आणि काम तसंच राहिलं. आज काळ्या दगडाच्या उघड्या कमानी आकाशाखाली उभ्या आहेत, वर छत नाही. सहलीला गेलेली माणसं गोलघुमटात आवाज काढून पाहतात आणि बारा कमानीत फोटो काढतात. पहिल्या वास्तूबद्दल लिहिताना ‘ग्रँड डिझाइन’ येईल. दुसरीमागच्या बेताबद्दल लिहिताना ‘ग्रँडिओस डिझाइन’ येऊ शकतं.

म्हणजे पूर्ण झालं तर ग्रँड आणि अर्धवट राहिलं तर ग्रँडिओस?

असं सूत्र सोयीचं वाटतं, पण ते टिकत नाही. रुमेनियाची राजधानी बुखारेस्टमधलं संसद भवन पाहा. हुकूमशहा चाउशेस्कूने १९८४ मध्ये त्याचं बांधकाम सुरू केलं. हजाराहून जास्त खोल्या, जगातली सर्वांत जड इमारत म्हणून ख्याती. त्याच दशकात त्या देशातली सामान्य माणसं धान्यासाठी रांगा लावत होती आणि थंडीत घरं पुरेशी तापत नव्हती. चाउशेस्कू १९८९ च्या डिसेंबरात मारला गेला, इमारत पुढे मार्गी लागली, आज वापरात आहे. तरी तिला ग्रँडिओस म्हणतात, कारण प्रमाण सुटलेलं आहे. कशाचं प्रमाण? तिच्यावर झालेला खर्च आणि ती उभारणाऱ्या देशाची स्थिती, यांचं.

म्हणून कस असा लावा : दावा आणि दावा करणाऱ्याची ऐपत यांत किती अंतर आहे? ऐपत पैशाची असेल, वेळेची, बुद्धीची किंवा अक्षरशः जमिनीची.

जमिनीची ऐपत म्हणजे?

याचं उदाहरण बर्लिनमध्ये आजही उभं आहे. हिटलर आणि त्याचा वास्तुशिल्पी आल्बर्ट श्पेअर यांनी बर्लिनच्या जागी ‘गेर्मानिया’ नावाची नवी राजधानी आखली होती. त्यात सुमारे २९० मीटर उंचीचं घुमटाचं सभागृह होतं, दीड लाखांहून जास्त माणसं आत उभी राहतील एवढं. आणि शंभर मीटरहून उंच विजयकमान होती. अडचण एकच. बर्लिनची जमीन भुसभुशीत आणि पाणथळ आहे.

जमीन हे ओझं सोसेल का, हे पाहायला १९४१ मध्ये नियोजित कमानीच्या जागेजवळ काँक्रीटचा एक भरीव दंडगोल बांधण्यात आला. वजन १२,६५० टन. वर रुंद, खाली अरुंद, कुणी मोठं बूच जमिनीत ठोकावं तसा. तो ६ सेंटीमीटरपेक्षा कमी खचला असता तर काम पुढे नेता आलं असतं. अडीच वर्षांत तो सुमारे १९ सेंटीमीटर खचला. युद्धानंतर तो पाडायचं ठरलं तरी भोवताली राहती घरं असल्यामुळे सुरुंग लावता येईना, म्हणून राहिला. आता संरक्षित स्मारक आहे.

ग्रँडिओस शिकवताना एवढं ठसठशीत चित्र दुसरं सापडत नाही. स्वप्न २९० मीटरचं आणि निकाल १९ सेंटीमीटरचा.

मराठी प्रतिशब्द कोणता वापरायचा?

एकच एक प्रतिशब्द शोधू नका. पुढचं नाम कोणतं आहे ते पाहा आणि त्याला साजेसा शब्द घ्या.

योजना किंवा बेत असेल तर ‘आवाक्याबाहेरची’, ‘अवास्तव’. बोलीत ‘हवेतले इमले’ किंवा ‘मनोराज्य’. दावा असेल तर ‘फुगवलेला’, ‘बढाईखोर’. भाषा किंवा शैली असेल तर ‘शब्दबंबाळ’. हा शब्द इतका नेमका आहे की इंग्रजीलाच त्याचा हेवा वाटावा. इमारत, समारंभ किंवा सजावट असेल तर ‘भपकेबाज’, आणि आकारावर रोख असेल तर ‘अवाढव्य’. पदवी किंवा हुद्दा असेल तर ‘बडेजावाची’. स्वतःविषयीच्या कल्पना असतील तर ‘मोठेपणाच्या’, ‘आत्मप्रौढीच्या’.

‘भव्यदिव्य’ हा शब्द दुधारी आहे. सरळ वाचला तर कौतुक, स्वर जरा तिरका केला तर टोमणा. छापील मजकुरात स्वर ऐकू येत नाही, म्हणून एकट्या ‘भव्यदिव्य’वर भिस्त ठेवू नका.

आणि एक युक्ती, जी कोशात मिळत नाही. मराठीत ‘म्हणे’ हा इवलासा शब्द आहे. ‘गावाला विमानतळ होणार’ आणि ‘गावाला म्हणे विमानतळ होणार’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. दुसऱ्यात सगळी शंका त्या ‘म्हणे’नं वाहून आणली. ललित किंवा बोलीवळणाच्या भाषांतरात ग्रँडिओस प्लॅन समोर आला, तर विशेषण गाळून वाक्यात ‘म्हणे’ घालून पाहा. बऱ्याचदा तेच सगळ्यात नैसर्गिक बसतं. कायदेशीर किंवा सरकारी कागदात मात्र ‘म्हणे’ चालणार नाही, तिथे ‘अवास्तव’च बरा.

बातमीत आम्ही ‘महत्त्वाकांक्षी प्रकल्प’ असं लिहितो. त्यात काय बिघडलं?

अर्थ उलटा होतो, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. इंग्रजीत अँबिशस आणि ग्रँडिओस हे दोन वेगळे शब्द आहेत. अँबिशस प्रकल्प अवघड असतो, पण जमू शकतो. ग्रँडिओस प्रकल्प जमणार नाही, किंवा जमला तरी त्याची गरज नव्हती, असं लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं. मराठी वृत्तपत्रांत ‘महत्त्वाकांक्षी’ हा शब्द जवळजवळ सन्मानचिन्हासारखा वापरला जातो, त्यामुळे मूळ लेखातली टीका भाषांतरात शाबासकी होऊन बसते. ‘अतिमहत्त्वाकांक्षी’ लिहिलं तर निम्मं नुकसान भरून निघतं. ‘आवाक्याबाहेरचा’ लिहिलं तर पूर्ण.

समजा अडीच हजार वस्तीच्या गावात पाण्याची टाकी गळते आहे, नळाला दोन दिवसांआड पाणी येतं, आणि ग्रामपंचायत आंतरराष्ट्रीय दर्जाच्या क्रिकेट मैदानाचा ठराव मंजूर करते. हा ठराव ग्रँडिओस. तीच ग्रामपंचायत वर्षभरात घरोघर मीटर बसवून चोवीस तास पाणी द्यायचं ठरवते, तेव्हा तो अँबिशस. ‘घरात नाही दाणा आणि म्हणे हवालदार म्हणा’ ही म्हण पहिल्या ठरावाला लागू पडते, दुसऱ्याला नाही. आणि हो, म्हणीतही ‘म्हणे’ आलाच.

बॉम्बॅस्टिक, पॉम्पस, प्रिटेन्शस, ऑस्टेंटेशस हे सगळे ग्रँडिओसचेच समानार्थी ना?

चुलत भाऊ म्हणा, जुळे नव्हेत.

बॉम्बॅस्टिक फक्त भाषेला लागतो, आणि त्याचा बॉम्बशी काही संबंध नाही. ‘बॉम्बॅस्ट’ म्हणजे कापूस. १६व्या शतकात इंग्लंडमधले शिंपी अंगरख्यात कापूस ठासून छाती-खांदे फुगवत, त्या भरणाला बॉम्बॅस्ट म्हणत. कापूस ठासलेली भाषा ती बॉम्बॅस्टिक. हे एकदा कळलं की शब्द आयुष्यभर विसरत नाही. आपल्याकडे तरुण मंडळी ‘बॉम्बॅस्टिक’ हा ‘जबरदस्त’ या अर्थाने वापरतात. मित्रांत ठीक, उत्तरपत्रिकेत नको.

ग्रँडिलोक्वंट हाही भाषेचाच, पण यात कापसापेक्षा उंच आवाजातल्या, अलंकारिक वक्तृत्वावर रोख असतो. पॉम्पस माणसाच्या वागण्याला लागतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मिरवणूक. जो स्वतःचीच मिरवणूक काढत चालतो तो पॉम्पस. प्रिटेन्शस म्हणजे नसलेली रसिकता किंवा विद्वत्ता असल्याचा आव. ऑस्टेंटेशस म्हणजे असलेल्या पैशाचं प्रदर्शन. इथे पैसा खरा असतो, हा बारकावा महत्त्वाचा. हळदीला हेलिकॉप्टर आणणारा ऑस्टेंटेशस. हेलिकॉप्टरची कंपनीच काढतो म्हणणारा, आणि ज्याचं दुचाकीचं हप्त्याचं कर्ज अजून फिटलेलं नाही, तो ग्रँडिओस.

फ्लॅमबॉयंटला या यादीत ओढू नका. त्यात झगमग आहे पण दोष नाही. गुलमोहराच्या झाडालाही इंग्रजीत हेच नाव आहे, आणि मे महिन्यातल्या गुलमोहराला कुणी दिखाऊ म्हणत नाही.

तुघलकी म्हणजेच ग्रँडिओस का?

थोडंसं. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली, तिचं नाव दौलताबाद ठेवलं, आणि माणसं हजारभर किलोमीटर चालत आणली. काही वर्षांत सगळं परत फिरलं. मग त्याने तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या टंक्याच्या किमतीने चालवली. ती कुणालाही घरी पाडता येत होती, म्हणून खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला. शेवटी नाणी मागे घेऊन त्या बदल्यात चांदी द्यावी लागली. या बेतांना इंग्रजी लेखक ग्रँडिओस म्हणतील, ते योग्यच.

पण मराठीत ‘तुघलकी फर्मान’ म्हणताना आपला रोख लहरीपणावर असतो. उद्यापासून कार्यालयात सगळ्यांनी पांढरे बूट घालावेत, हे तुघलकी आहे. ग्रँडिओस नाही, कारण त्यात भव्यतेचा आव कुठे आहे?

वाक्यात हा शब्द कुठे आणि कसा बसतो?

नामाच्या आधी : ‘अ ग्रँडिओस स्कीम’. क्रियापदानंतर : ‘द प्लॅन वॉज ग्रँडिओस’. दोन्ही बरोबर. तर-तम भाव ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’ लावून करायचा. आधी ‘रादर’, ‘टू’, ‘अ‍ॅब्सर्डली’ अशी क्रियाविशेषणं सहज बसतात.

याच्याबरोबर हमखास येणारी नामं पाठ ठेवली तर निम्मं काम झालं : प्लॅन, स्कीम, प्रोजेक्ट, क्लेम, व्हिजन, अँबिशन, टायटल, जेश्चर, डिल्यूजन. खाण्याचे पदार्थ, हवामान, रोजच्या वस्तू यांना तो लावत नाहीत. ‘ग्रँडिओस लंच’ असं लिहिलं तर वाचणारा जेवणात गडबड काय होती ते शोधत बसेल.

माणसाला सरळ लावता येतो का? येतो, पण मग तो जवळजवळ वैद्यकीय शेरा होतो. साध्या अर्थाने कुणाला ‘मिजासखोर’ म्हणायचं असेल तर पॉम्पस वापरा.

मानसोपचारतज्ज्ञांच्या चिठ्ठीत ‘ग्रँडिओसिटी’ असं लिहिलेलं असतं. ती टीका आहे का?

नाही. तिथे हा शब्द लक्षणाचं नाव आहे, आणि नातेवाइकांनी तो शिवी म्हणून वाचू नये. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत तो तीन ठिकाणी ठळकपणे येतो.

पहिलं, मेनिया, म्हणजे उन्मादाचा झटका. किमान एक आठवडा मनःस्थिती अस्वाभाविक उंचावलेली किंवा चिडचिडी आणि उत्साह वाढलेला. त्यासोबत सात लक्षणांपैकी तीन हवीत, नुसती चिडचिड असेल तर चार. त्या सातांतलं पहिलंच लक्षण ग्रँडिओसिटी. बाकीची म्हणजे झोपेची गरज कमी होणं, अखंड बोलणं, विचारांची धावपळ, लक्ष विचलित होणं, कामांचा सपाटा आणि अविचारी खर्च वगैरे. दुसरं, भ्रमाचा विकार : यात ‘ग्रँडिओस’ हा एक उपप्रकार आहे, आणि भ्रम किमान महिनाभर टिकलेला असावा लागतो. आपण फार मोठा शोध लावला आहे किंवा आपल्या अंगी असामान्य शक्ती आहे, अशी ठाम खात्री. तिसरं, नार्सिसिस्टिक व्यक्तिमत्त्व विकार : नऊ निकषांपैकी पाच लागतात, आणि पहिला निकष स्वतःच्या महत्त्वाची ग्रँडिओस जाणीव.

मराठीत यासाठी ‘मोठेपणाचा भ्रम’ हा शब्दप्रयोग सुटसुटीत आहे. घरातलं माणूस अचानक रात्र-रात्र न झोपता पन्नास बसगाड्या घेण्याच्या गोष्टी करू लागलं आणि त्यासाठी खरोखर कर्ज काढायला निघालं, तर शब्दार्थात न अडकता डॉक्टर गाठा. ‘फार स्वप्नं बघतो’ म्हणून सोडून देण्यात वेळ जातो. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

ग्रँडर आणि ग्रँडिओसिटी, यांपैकी नाम कोणतं?

दोन्ही नामंच, पण वेगळ्या घरची. ग्रँडर हे ग्रँडचं नाम, चांगल्या अर्थाचं : रायगडाचं ग्रँडर, हिमालयाचं ग्रँडर. ग्रँडिओसिटी हे ग्रँडिओसचं, यात आघात ‘ऑ’वर, ग्रॅन्-डि-ऑ-सि-टी. एक अपवाद लक्षात ठेवा : ‘डिल्यूजन्स ऑफ ग्रँडर’ या प्रयोगात शब्द ग्रँडर असला तरी सगळा अर्थ ग्रँडिओसचाच आहे, कारण तिथे ‘डिल्यूजन’ आधीच येऊन बसला आहे.

स्पर्धा परीक्षेत हा शब्द आला तर पर्याय कसा निवडायचा?

वाक्यात विरोध दाखवणारा शब्द शोधा : ‘बट’, ‘यट’, ‘डिस्पाइट’. त्याच्या एका बाजूला तुटपुंजेपणा असेल, म्हणजे ‘मॉडेस्ट बजेट’, ‘फेल्ड टू’, ‘नेव्हर कम्प्लीटेड’ असं काही, तर दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या जागेत ग्रँडिओस बसण्याची शक्यता मोठी. वाक्य सरळ कौतुकाचं असेल तर हा पर्याय तुम्हाला फसवायला ठेवलेला आहे. विरुद्धार्थी विचारला तर मॉडेस्ट, हंबल, अनप्रिटेन्शस यांपैकी एक उचला. ‘स्मॉल’ला हात लावू नका.

स्वतःला तपासायला चार वाक्यं द्या.

रिकाम्या जागी ग्रँड की ग्रँडिओस, ते ठरवा.

पहिलं : रायगडावर १६७४ मध्ये राज्याभिषेकाचा … सोहळा झाला. दुसरं : दोन खोल्यांतून चालणाऱ्या संस्थेने स्वतःला ‘जागतिक विद्यापीठ’ हे … नाव घेतलं. तिसरं : त्याचा आशियातला सर्वांत मोठा कारखाना काढण्याचा … बेत भूमिपूजनापुढे सरकला नाही. चौथं : मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात … योजना जाहीर केली.

पहिल्यात ग्रँड. दुसऱ्या आणि तिसऱ्यात ग्रँडिओस. चौथ्यात लिहिणारा कोण आहे त्यावर अवलंबून : सरकारी पत्रक असेल तर ग्रँड, विरोधी बाजूचा अग्रलेख असेल तर ग्रँडिओस.

नोकरीच्या अर्जात ‘आय हॅव ग्रँडिओस प्लॅन्स फॉर युवर कंपनी’ असं लिहिलं आहे. बदलू का?

पाठवलेला नसेल तर आत्ताच बदला. ‘अँबिशस’ घाला, आणि जमल्यास विशेषणच काढून पुढच्या सहा महिन्यांत नेमकं काय करणार ते लिहा. पाठवून झाला असेल तर दुरुस्तीची मेल टाकू नका. मुलाखतीत बेत नीट समजावून सांगितला की भागतं.

मी पुण्यात जर्मन शिकतो. तिथल्या बाईंनी माझ्या निबंधावर ‘ग्रांदिओस’ असा शेरा दिला. वाईट वाटून घेऊ का?

अजिबात नको, पेढे वाटा. जर्मनमध्ये ‘ग्रांडिओस’ म्हणजे झकास, लाजवाब. मात्र तोच निबंध इंग्रजीच्या सरांना दाखवला आणि त्यांनीही हाच शब्द समासात लिहिला, तर दुसरा परिच्छेद पुन्हा वाचा आणि निम्मी विशेषणं खोडा.